उथळ प्रवाहातली हायड्रॉलिक जंप मॉडेल करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

कोड चालतो, पाणी वाहतं, आलेखात उडीही दिसते आणि तरीही मॉडेल चुकलेलं असतं. हायड्रॉलिक जंपच्या, म्हणजे वेगवान पातळ पाणी एकदम संथ आणि खोल होतं त्या उडीच्या, बाबतीत हे इतक्या वेळा होतं, कारण चुकीच्या समीकरणांतूनही दिसायला झकास जंप मिळते. फक्त तिची उंची चुकीची असते, किंवा ती भलत्याच जागी बसते. कोड काही तक्रार करत नाही, आणि आलेख पाहणाऱ्याला जंप पाहिजे होती, ती मिळालेली असते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी पायथन किंवा फोर्ट्रानमध्ये स्वतःचा एकमितीय सोल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) लिहिणारे, आणि हेक-रास (HEC-RAS) या नदी-कालव्यांच्या प्रवाहाच्या प्रोग्रामसारखं तयार सॉफ्टवेअर वापरून कालव्याचं किंवा सांडव्याखालचं काम करणारे. दुसऱ्या गटाने टप्पा ४ आणि ५ नुसते वाचून पुढे गेलं तरी चालेल, बाकीचे मात्र टाळू नयेत. मुख्य म्हणजे क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट स्वतःच्या कालव्याची भूमिती घालून सुरुवात करतात. मग जंप सरकत राहिली की चूक कोडमध्ये आहे, सीमेवर आहे की घर्षणात आहे, हे कळायला मार्गच उरत नाही.

सूत्रांत वापरलेली अक्षरं अशी: ख म्हणजे पाण्याची खोली (मीटर), व म्हणजे वेग, प्र म्हणजे एक मीटर रुंदीतून जाणारा विसर्ग (ख × व), त म्हणजे तळाची उंची, न म्हणजे मॅनिंगचा गुणांक (तळाचा खडबडीतपणा) आणि ग म्हणजे ९.८१. फ्राउड अंक, फ्रा = व ÷ √(ग × ख). तो १ पेक्षा कमी असेल तर प्रवाह सबक्रिटिकल (संथ), जास्त असेल तर सुपरक्रिटिकल (वेगवान), आणि तो नेमका १ असतो ती खोली क्रिटिकल डेप्थ. अक्षरापुढचा १ हा अंक जंपच्या वरच्या (पाणी येतं त्या) बाजूसाठी, २ खालच्या (पाणी जातं त्या) बाजूसाठी.

## टप्पा १: हे मॉडेल तुमच्या जंपला लागू होतं का?

उथळ पाण्याची समीकरणं दोन गोष्टी गृहीत धरतात: उभ्या छेदात दाब स्थिर पाण्यासारखा वाढतो, आणि वेग वरपासून खालपर्यंत साधारण सारखा असतो. जंपच्या आत यातलं काहीच खरं नसतं. तरीही मॉडेल उपयोगी पडतं, कारण जंपच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही खरं असतं आणि मधला भाग संवेगाच्या हिशोबाने जोडता येतो. मॉडेलमधली जंप म्हणजे दोन बरोबर प्रवाहांमधला सांधा. सांध्याच्या आत काय चाललंय ते मॉडेलला विचारू नका.

सुरुवातीलाच वरच्या प्रवाहाचा फ्राउड अंक काढा.

- १ ते १.७: जंप लाटालाटांची असते. मॉडेल एकच पायरी दाखवेल. सरासरी खोली ठीक येईल, पण लाटांचे माथे दिसणार नाहीत. त्यावरून कालव्याच्या काठाची उंची ठरवलीत तर पाणी काठावरून जाईल. इथे या लाटाही दाखवणारी, बूसिनेस्क प्रकारची समीकरणं लागतात.
- १.७ ते २.५: जंप मवाळ असते, मॉडेल नीट चालतं.
- २.५ ते ४.५: खरी जंप हेलकावे खाते आणि तिच्या लाटा खालच्या अंगाला लांबवर जातात. मॉडेल तिला एका जागी शांत बसलेली दाखवेल. ती फक्त सरासरी जागा समजा.
- ४.५ ते ९: जंप स्थिर असते. मॉडेलसाठी सगळ्यात सोयीचा पट्टा.
- ९ च्या वर: खोल्या बऱ्या येतात, पण हवा आणि तुषार इतके असतात की प्रत्यक्ष पातळी वर चढते.

सावध: स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाखाली दिसणारं गोल कडं हीसुद्धा जंपच आहे, पण तिच्यावर आपला कोड तपासायला जाऊ नका. तिथे पाण्याचा थर मिलिमीटरभर असतो, चिकटपणा आणि पृष्ठताण यांचं राज्य असतं. या दोन्ही गोष्टी आपल्या समीकरणांत नाहीतच.

सावध: तळाचा उतार दहात एकपेक्षा तीव्र असेल, म्हणजे चूट किंवा सांडव्याचा पाठ, तर नेहमीच्या रूपातली समीकरणं तिथे वापरू नका. मॉडेल पायथ्यापासून सुरू करा आणि पायथ्याची खोली वेगळी काढून आत द्या.

बेसिनच्या (जंप जिरवायला बांधलेल्या हौदाच्या) स्लॅबवर खालून येणारा दाब, रोलरमधले (जंपच्या घुसळणाऱ्या भोवऱ्यातले) धक्के, पाण्यात मिसळणारी हवा, दातेरी ठोकळ्यांचा परिणाम हे प्रश्न असतील तर हा रस्ताच सोडा. त्यासाठी त्रिमितीय मॉडेल लागतं, किंवा खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) सारख्या प्रयोगशाळेतलं लहान प्रमाणातलं प्रत्यक्ष मॉडेल.

## टप्पा २: आधी वहीत गणित

संगणक उघडण्यापूर्वी तीन आकडे कागदावर हवेत: ख२, ऊर्जेची घट आणि दोन्ही बाजूंचा संवेग.

एक उदाहरण घेऊ, ते पुढेही वापरायचं आहे. आडव्या, आयताकृती कालव्यात स्लूस गेटखालून (वर उचलल्या जाणाऱ्या दाराखालून) प्र = ०.५ चौरस मीटर प्रति सेकंद पाणी सुटतंय आणि गेटखालची आकसलेली खोली ०.१० मीटर आहे.

व१ = ०.५ ÷ ०.१० = ५ मीटर प्रति सेकंद
√(ग × ख१) = ०.९९
फ्रा१ = ५.०५

आता सिक्वेंट डेप्थ, म्हणजे ख१ शी जुळणारी जंपनंतरची खोली:

ख२ = (ख१ ÷ २) × (√(१ + ८ × फ्रा१ चा वर्ग) − १) = ०.०५ × (१४.३१ − १) = ०.६७ मीटर (नेमकं ०.६६६)

ऊर्जेची घट = (ख२ − ख१) चा घन ÷ (४ × ख१ × ख२) = ०.६८ मीटर

वरच्या प्रवाहाची एकूण ऊर्जा १.३७ मीटर होती, म्हणजे जवळजवळ निम्मी गेली. संवेगाचा आकडा, प्र चा वर्ग ÷ (ग × ख) + ख चा वर्ग ÷ २, दोन्ही बाजूंना ०.२६ येतो. तो तसा आला नाही तर पुढे जाऊ नका, कुठेतरी बेरीज-गुणाकार चुकलाय.

आता याच ठिकाणी नेहमी होणारी चूक करून पाहा. संवेगाऐवजी ऊर्जा दोन्हीकडे समान धरली तर खालची खोली १.३७ मीटर येते, खऱ्या खोलीच्या दुपटीहून जास्त. त्या खोलीचा संवेग निघतो ०.९५. म्हणजे खालचं पाणी वरच्यापेक्षा साडेतीनपटीहून जास्त जोराने ढकलतंय आणि तरी जंप जागच्या जागी! हा १.३७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात तो कोडमधून बाहेर येणार आहे.

सावध: वरचं ख२ चं सूत्र फक्त आयताकृती छेदाचं आहे. आपल्याकडचे बहुतेक कालवे समलंब छेदाचे. तिथे एकूण विसर्गाचा वर्ग ÷ (ग × क्षेत्रफळ), अधिक क्षेत्रफळ × त्याच्या मध्यबिंदूची पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली, ही बेरीज दोन्ही बाजूंना समान ठेवून ख२ शोधावी लागते. एक्सेलचा गोल सीक त्याला पुरतो.

## टप्पा ३: समीकरणांचं रूप

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. उथळ पाण्याची समीकरणं दोन प्रकारे लिहिता येतात. पहिल्या प्रकारात आपण ख आणि प्र यांचा हिशोब ठेवतो, आणि संवेगाचा फ्लक्स (दर सेकंदाला एका छेदातून जाणारं प्रमाण) असतो प्र चा वर्ग ÷ ख + ग × ख चा वर्ग ÷ २. दुसऱ्या प्रकारात ख आणि व यांचा हिशोब असतो, आणि फ्लक्सच्या जागी येतं व चा वर्ग ÷ २ + ग × (ख + त).

पाणी गुळगुळीत वाहत असेल तोवर दोन्हींत तिळमात्र फरक नाही. पुस्तकात एकातून दुसरं दोन ओळींत काढून दाखवलेलं असतं, त्यामुळे दुसरं वापरलं तर काय बिघडलं, असं वाटतं. पण त्या दोन ओळींत अवकलनं घेतलेली असतात आणि जंपपाशी ती घेताच येत नाहीत. दुसरं रूप जंप ओलांडताना ऊर्जा जपतं, संवेग नाही. त्या कोडला आपलं गेटचं उदाहरण दिलं तर स्थिर जंपची खालची खोली १.३७ मीटर निघेल. ग्रिड कितीही बारीक करा, ती ०.६७ कडे येणार नाही.

म्हणून ख आणि प्र हेच चल, आणि वरचाच पहिला फ्लक्स. इथे तडजोड नाही.

हेक-रासवाल्यांसाठी याचा अर्थ असा. द्विमितीय कामात समीकरणांचा पर्याय मुळात डिफ्यूजन वेव्हवर असतो आणि त्यात जडत्वाचे भाग नसतात. जंप हवी असेल तर पूर्ण संवेगाचा पर्याय निवडा, आणि त्यातही संवेग जास्त काटेकोर जपणारा, ६.० पासून आलेला प्रकार. एकमितीय स्थिर प्रवाहात ‘मिक्स्ड फ्लो’ निवडा आणि दोन्ही टोकांच्या सीमा भरा. नुसत्या सबक्रिटिकल पर्यायावर चालवलं तर जिथे सुपरक्रिटिकल प्रवाह हवा तिथे प्रोग्राम क्रिटिकल डेप्थ मांडून पुढे जातो, खाली इशारा छापतो आणि तो इशारा कोणी वाचत नाही.

## टप्पा ४: सोल्व्हर

साधा फायनाइट व्हॉल्यूम सोल्व्हर, म्हणजे कालवा छोट्या तुकड्यांत (सेलांत) वाटून प्रत्येकात येण्या-जाण्याचा हिशोब ठेवणारा, पुरेसा आहे. सेलांच्या कडांवरच्या फ्लक्ससाठी एचएलएल (HLL) पद्धत घ्या. तो थोडा बोथट आहे, पण भरवशाचा. मॅककॉर्मकसारख्या पद्धतीत जंपच्या दोन्ही बाजूंना खोटे हेलकावे येतात आणि ते दाबायला कृत्रिम चिकटपणा घालावा लागतो. त्याचं प्रमाण हाताने ठरवण्यात दिवस जातात. रो पद्धत धारदार आहे, पण एंट्रॉपी फिक्स (अशक्य उत्तरं रोखणारी दुरुस्ती) घातला नाही तर प्रवाह क्रिटिकल होतो तिथे, म्हणजे उंचवट्याच्या माथ्यावर, उलटी जंप दाखवते: पाणी एकदम खाली पडतं. निसर्गात असं होत नाही.

एका टाइम स्टेपमधला क्रम असा ठेवा:

१. दोन्ही टोकांच्या सीमेची मूल्यं भरा.
२. सगळ्या सेलांतून |व| + √(ग × ख) चं सर्वांत मोठं मूल्य काढा आणि त्यावरून या वेळचा टाइम स्टेप ठरवा. गेटच्या उदाहरणात हे मूल्य ६ च्या जवळ आहे. सेल ५ सेंटिमीटरचा असेल तर ०.०५ ÷ ६ म्हणजे ०.००८३ सेकंद ही मर्यादा, आणि ०.९ ने गुणून ०.००७५ घ्या.
३. प्रत्येक दोन सेलांमधल्या कडेवर तळाची पायरी जुळवून घ्या (टप्पा ५).
४. कडेवरचा फ्लक्स काढा.
५. ख आणि प्र अद्ययावत करा.
६. घर्षण शेवटी, वेगळं लावा: नवा प्र = प्र ÷ (१ + टाइम स्टेप × ग × न चा वर्ग × |प्र| ÷ ख चा ७/३ वा घात).
७. ख अगदी नगण्य असेल तिथे प्र शून्य करा.

टाइम स्टेप एकदाच ठरवून तसाच चालवण्याची सवय सोडा. सुरुवातीच्या लाटांत वेग अंतिम वेगापेक्षा जास्त असू शकतो आणि कोड पहिल्या काही सेकंदांतच फुटतो. घर्षण सहाव्या पायरीत भागाकाराने आणलंय तेही विचार करून: ते थेट वजा केलं तर पातळ पाण्यात प्र चं चिन्हच उलटतं आणि पाणी चढाकडे वाहायला लागतं.

पहिल्या फेरीत दुसऱ्या क्रमाची अचूकता, लिमिटर (खोटे हेलकावे दाबणारा भाग) वगैरेंच्या मागे लागू नका. पहिल्या क्रमावर सगळ्या चाचण्या पार झाल्या की मग मिनमॉड हा लिमिटर घाला. आधी घातलात तर चूक लिमिटरमध्ये लपते.

## टप्पा ५: शांत पाण्याची चाचणी

तळावर एक उंचवटा ठेवा, पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, वेग शून्य, दोन्ही टोकांना भिंती. कोड चालवा. पाणी हललं नाही पाहिजे.

पाणी हलतं, कारण तळाच्या उताराचा भाग आणि दाबाचा फ्लक्स वेगवेगळ्या पद्धतीने मोजले की त्यांची वजाबाकी शून्य येत नाही. उपाय असा: प्रत्येक कडेवर दोन्ही सेलांपैकी उंच तळ घ्या. मग प्रत्येक बाजूची खोली = (त्या सेलची खोली + त्याचा तळ − उंच तळ), ऋण आली तर शून्य. वेग तोच ठेवा. या नव्या खोल्यांवर फ्लक्स काढा आणि प्रत्येक सेलच्या बाजूने (ग ÷ २) × (मूळ खोलीचा वर्ग − नव्या खोलीचा वर्ग) इतकी भर संवेगात घाला. तळाच्या उताराचा वेगळा भाग मग लिहायचा नाही. तो पुन्हा लिहिला तर उतार दोनदा मोजला जातो आणि जंप खूप खाली जाऊन बसते. ही चूक इतकी सर्रास होते, की जंप अपेक्षेपेक्षा खाली दिसली तर मी सर्वांत आधी हीच ओळ बघतो.

तपासा: वेगाचं मोठ्यात मोठं मूल्य संगणकाच्या राउंड-ऑफइतकं, म्हणजे दशांशानंतर बारा-तेरा शून्यांनंतर येणारं असावं. ०.००१ ‘चालेल’ असं म्हणू नका. या पायावरच जंपची जागा ठरणार आहे.

सावध: ग्रिड जाड आणि उतार तीव्र असेल, तर एका सेलमागची तळाची पायरी पाण्याच्या खोलीपेक्षा मोठी होते. मग ही पद्धत उताराचा जोर कमी मोजते. सुपरक्रिटिकल पाणी पातळच असतं, म्हणून सेलचा आकार तिथली खोली बघून ठरवा.

## टप्पा ६: सीमा

नियम एकच: सीमेवरून जितकी माहिती आत येते तितकीच द्यायची.

वरच्या टोकाला सबक्रिटिकल पाणी येत असेल तर फक्त प्र द्या, ख आतून घ्या. सुपरक्रिटिकल येत असेल तर ख आणि प्र दोन्ही द्या. खालच्या टोकाला सबक्रिटिकल जात असेल तर फक्त ख द्या. सुपरक्रिटिकल जात असेल तर काहीही देऊ नका, शेवटच्या सेलची मूल्यं तशीच पुढे न्या.

खाली ख न देता जंपची वाट बघत बसणारे पुष्कळ आहेत. जंप टेलवॉटरमुळे, म्हणजे खालच्या अंगाला असलेल्या खोल पाण्यामुळे, होते. खालून कोणी अडवतच नसेल तर सुपरक्रिटिकल पाणी सरळ बाहेर निघून जाईल, आणि ते उत्तर बरोबरच असेल. उलट, खाली ख आणि प्र दोन्ही बांधून टाकले तर सीमेवरून लाटा परत फिरतात आणि जंप मागेपुढे डुलत राहते. ती ‘हेलकावे खाणारी जंप’ आहे असं समजून रिपोर्टात लिहू नका.

## टप्पा ७: उंचवट्याची चाचणी

स्वतःच्या कालव्याआधी ही चाचणी पार केलीच पाहिजे, कारण हिचं उत्तर कागदावर काढता येतं. कालवा २५ मीटर लांब, घर्षण नाही. तळ सपाट, फक्त ८ ते १२ मीटरच्या दरम्यान त = ०.२ − ०.०५ × (अंतर − १०) चा वर्ग. वरून प्र = ०.१८, खाली ख = ०.३३. सुरुवातीला पाणी शांत, पातळी सगळीकडे ०.३३. सेल १० सेंटिमीटरचे, किंवा ५ चे. साधारण २०० सेकंद चालवतात, पण घड्याळ बघून थांबू नका. दोन पायऱ्यांमधला ख चा फरक नगण्य होईपर्यंत चालू ठेवा.

मिळायला हवं ते असं:

- उंचवट्याच्या वरच्या अंगाला ख: ०.४१४ मीटर
- माथ्यावर ख: ०.१४९ मीटर (हीच क्रिटिकल डेप्थ)
- जंपची जागा: ११.६६ ते ११.६७ मीटर
- जंपच्या आधी ख: ०.०७६, फ्रा: २.७४
- जंपच्या नंतर ख: ०.२५९
- दोन्ही बाजूंच्या ऊर्जेतला फरक: ०.०७८ मीटर

०.४१४ हा आकडा आपण कुठेही दिलेला नाही. तो माथ्यावरच्या क्रिटिकल प्रवाहातून मागे येतो, म्हणून आधी तोच बघा. तो चुकला असेल तर जंपकडे बघण्यात अर्थ नाही. तो बरोबर पण जंप दोनपेक्षा जास्त सेल सरकलेली असेल, तर शंका तळाच्या भागावर किंवा खालच्या सीमेवर घ्या.

आता विसर्गाचा आलेख काढा. सगळीकडे ०.१८ ची सरळ रेष हवी, पण जंपच्या सेलमध्ये एक टोक वर आलेलं दिसेल. घाबरू नका आणि ते घासून काढायच्या नादी लागू नका. जंप एका सेलच्या मधोमध कुठेतरी असते, त्या सेलमधली ख आणि प्र ही सरासरी असते, आणि असल्या सरासरीला खऱ्या प्रवाहाचा नियम लागू होत नाही. ग्रिड बारीक केलं तर टोक अरुंद होतं, पण जात नाही. सेलमधल्या प्र ऐवजी कडांवरचा वस्तुमानाचा फ्लक्स छापून बघा: स्थिर झालेल्या उत्तरात तो शेवटच्या दशांशापर्यंत ०.१८ असतो. तो तसा नसेल तर मात्र उत्तर अजून स्थिर झालेलं नाही, किंवा कोड पाणी हरवतोय.

## टप्पा ८: स्वतःचा कालवा, आणि जंप का सरकते

आता गेटचं उदाहरण. पहिल्याच धावेत बहुतेक जण आडवा तळ आणि शून्य घर्षण ठेवतात, ‘सोपं म्हणून’. हे सोपं नाही, हे अशक्य आहे. तिथे वरचा संवेग सगळीकडे ०.२६ आणि खालचाही सगळीकडे ०.२६, जंपने अमुकच ठिकाणी बसावं याला कारणच नाही. खालची ख नेमकी ०.६६६ नसून ०.६७ दिली तर जंप चढत चढत गेटला जाऊन भिडेल, ०.६६ दिली तर खाली वाहून जाईल. वेळ वाढवून ती थांबणार नाही.

जंप थांबते ती घर्षणामुळे किंवा तळाच्या आकारामुळे. घर्षणाने सुपरक्रिटिकल पाणी पुढे जाताना दमतं, त्याचा संवेग घटत जातो. जंप जरा खाली सरकली तर तिला समोर आणखी दमलेलं पाणी मिळतं आणि टेलवॉटर तिला परत वर ढकलतं. वर सरकली तर ताज्या दमाचं पाणी तिला खाली ढकलतं.

आकड्यांत बघू. कालवा रुंद, न = ०.०१२, आणि जंपच्या लगेच खालची खोली ०.६० मीटर. ही खोली ज्या वरच्या खोलीची सिक्वेंट आहे ती येते ०.११८ मीटर. म्हणजे गेटपाशी ०.१० असलेलं पाणी घर्षणाने ०.११८ पर्यंत फुगलं की तिथे जंप बसणार. ऊर्जेतला फरक भागिले घर्षणाचा उतार, असं दोन पायऱ्यांत काढलं तर हे अंतर गेटपासून सुमारे ५.८ मीटर येतं.

या एका गणितात दोन धडे आहेत. टेलवॉटर ०.६६६ वरून ०.६० वर आलं, फक्त साडेसहा सेंटिमीटर, आणि जंप जवळजवळ सहा मीटर खाली गेली. आणि न = ०.०१५ घेतला तर तेच अंतर ३.७ मीटर होतं, कारण अंतर न च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. काँक्रीटच्या अस्तराला हे दोन्ही न लोक बिनधास्त वापरतात. म्हणून ‘जंप ५.८२ मीटरवर आहे’ असं लिहिणं म्हणजे स्वतःला फसवणं. ‘३.५ ते ६ मीटरच्या दरम्यान’ असं लिहा आणि त्या पट्ट्याचं संरक्षण करा.

सावध: टेलवॉटर ०.६६६ च्या वर गेलं की जंप गेटवर चढते आणि बुडते. मॉडेलमध्ये शॉक (म्हणजे मॉडेलमधली जंप) वरच्या सीमेला टेकतो आणि तुम्ही दिलेले ख आणि प्र निरर्थक होतात. कोड तरीही आकडे देत राहतो. शॉक पहिल्या पाच-सहा सेलांत शिरला की थांबण्याची एक ओळ कोडमध्ये लिहूनच ठेवा. गेटखालचा विसर्ग मग बुडीत गेटच्या सूत्राने नव्याने काढावा लागतो.

## टप्पा ९: ग्रिड अर्धं करा

सेल अर्ध्या आकाराचे करून तेच पुन्हा चालवा. जंपच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या आणि जागा फारशा हलू नयेत. एक गोष्ट मात्र हलेल: आलेखातली जंपची लांबी निम्मी होईल, कारण ती दोन-तीन सेलांएवढीच असते. ती पाण्याची लांबी नाही. ग्रिडवरून मोजलेली जंपची लांबी बेसिनच्या लांबीसाठी वापरलेले रिपोर्ट मी पाहिलेत, एक मीटरचं बेसिन सुचवणारे. स्थिर पट्ट्यातल्या जंपची लांबी ढोबळमानाने ख२ च्या सहापट धरतात. आपल्या उदाहरणात ती ४ मीटर होते. मॉडेलमधून जंप सुरू होते ती जागा घ्या, त्यापुढे ही लांबी हाताने मांडा.

## टप्पा १०: एका विसर्गावर थांबू नका

महापुराच्या विसर्गाला जंप बेसिनमध्ये बसली म्हणून काम संपत नाही. ख२ विसर्गाबरोबर एका तऱ्हेने वाढते आणि नदीचं टेलवॉटर दुसऱ्याच तऱ्हेने. दोन रेषा एका विसर्गाला जुळल्या तरी बाकीच्या ठिकाणी फटकून असतात. बऱ्याचदा अडचण मोठ्या पुरात नसते. एकच दार थोडं उघडून पाणी सोडलेलं असतं, नदीत अजून पाणी चढलेलं नसतं, आणि जंप बेसिन सोडून पुढच्या उघड्या खडकावर जाते.

कमाल विसर्गाच्या १०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांना मॉडेल चालवा. दर वेळी टेलवॉटर त्या विसर्गाचं द्या. खालच्या सीमेची ख बदलायला विसरून पाचही धावा एकाच टेलवॉटरवर केलेल्या दिसतात, तेव्हा इनपुट फाइल दोनदा बघा. प्रत्येक विसर्गाला फ्रा१ पुन्हा काढा, कारण कमी विसर्गाला तो टप्पा १ मधल्या वेगळ्या पट्ट्यात गेलेला असू शकतो. मग एकाच कागदावर ख२ ची रेष आणि टेलवॉटरची रेष काढा. टेलवॉटर जिथे खाली आहे त्या विसर्गांना जंप बेसिनबाहेर किती मीटर जाते ते मॉडेलवरून लिहा, दोन्ही न घेऊन.